उष्णतेची अडलेली वाट

मे महिन्यात चेन्नईत मेट्रोच्या पत्र्यांच्या कुंपणाआड, एखाद्या नव्या इमारतीच्या पायाशेजारी किंवा बोअर मारणाऱ्या ट्रकवर चालू असलेला डिझेलचा स्क्रू कॉम्प्रेसर भर दुपारी बंद पडला, तर कारण शोधायला कुणी जात नाही. ते आधीच ठरलेलं असतं: ऊन. तमिळ पंचांगात या दिवसांना ‘अग्नी नक्षत्रम्’ असं नाव आहे. साधारण ४ ते २८ मे हा त्याचा काळ. नुंगम्बाक्कमच्या वेधशाळेत ३१ मे २००३ रोजी ४५ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. अशा शहरात पॅनेलवर ‘हाय टेम्परेचर’चा दिवा लागला, तर यंत्राला काय झालं हे विचारणंच अनेकांना खुळेपणाचं वाटतं. ऑपरेटर कॅनॉपीचे दरवाजे उघडतो, कूलरवर पाईपने पाणी मारतो, अर्धा तास थांबतो आणि पुन्हा चालू करतो. माझं म्हणणं असं, की बहुतेक वेळा ऊन हे निमित्त असतं. खरा दोष महिनोन्महिने आधी तयार झालेला असतो. मे महिना तो फक्त उघडा पाडतो. शिवाय उन्हाला दोषी धरून जे उपाय केले जातात, त्यांतले बरेचसे चेन्नईच्या हवेत उलटेच पडतात.

या शहराला दाबाखालची हवा इतकी का लागते, हे आधी पाहू. पल्लावरम आणि सेंट थॉमस माउंटच्या टेकड्या ज्या खडकाच्या आहेत, त्याचं नाव चार्नोकाइट. थॉमस हॉलंड या भूवैज्ञानिकाने १८९३ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि नाव दिलं ते ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी जॉब चार्नोक याच्या कोलकात्यातल्या कबरीवरून, कारण तिचा दगड याच जातीचा होता. अतिशय कठीण आणि कातळी. तो फोडायचा, त्यात भोक पाडायचं, तर हवेवर चालणारी हत्यारं लागतात. मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यातल्या तीन मार्गिका मिळून सुमारे ११९ किलोमीटर होतात. त्यात भर पाण्याची: जून २०१९ मध्ये पूंडी, चोळवरम, रेड हिल्स आणि चेंबरमबाक्कम हे शहराला पाणी देणारे चारही जलाशय जवळजवळ कोरडे पडले, तेव्हा बोअरच्या गाड्यांना रात्रंदिवस काम होतं. बोअरच्या भोकातून चुरा वर उडवते ती हवाच, आणि खाली हातोडा चालवते तीही हवाच.

आता यंत्राच्या पोटात काय चालतं ते बघू. एकमेकांत गुंतलेले दोन मळसूत्री रोटर फिरतात. त्यांच्या खाचांत अडकलेली हवा पुढे सरकत आकुंचन पावते आणि दाब धरते. अशा यंत्राचं पेटंट जर्मनीत हाइनरिश क्रिगरने १८७८ मध्येच घेतलं होतं, पण ते प्रत्यक्षात उतरवलं १९३० च्या दशकात स्वीडनच्या आल्फ लिशोल्मने. पुढे रोटरवर ऑइल सोडायची युक्ती आली आणि हे यंत्र कारखान्याबाहेर, रस्त्यावर येऊ शकलं. ऑइल तीन कामं करतं: फटी बुजवतं, वंगण देतं आणि उष्णता उचलतं. तिसरं काम सर्वांत मोठं. ३५ अंशांची हवा ऑइलशिवाय एका दमात ७ बारपर्यंत दाबली, तर गणिताने ती पावणेतीनशे अंशांच्या पुढे जाते. ऑइलमुळे ती ८० ते १०० अंशांत राहते. रोटर फिरवायला जी शक्ती खर्च होते तिचा फार मोठा भाग, नव्वद टक्क्यांहूनही जास्त, शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडतो. ४०० सीएफएमच्या, म्हणजे मिनिटाला ४०० घनफूट हवा देणाऱ्या यंत्राला साधारण ७५ किलोवॅट लागतात. म्हणजे न्हाणीघरातले दोन किलोवॅटचे छत्तीस-सदतीस गिझर एका पेटीत कोंडून दिवसभर चालू ठेवावेत, तसा हा प्रकार. त्यातच डिझेल इंजिनाच्या रेडिएटरची उष्णता मिळवा, जी जवळपास तितकीच असते. ही सगळी बाहेर न्यायची, तर पंख्याला दर सेकंदाला अंदाजे पाच घनमीटर हवा ओढावी लागते. तेव्हा ‘कॉम्प्रेसर तापला का?’ हा प्रश्नच जरा चुकीचा आहे. तो तापणारच. उष्णता ऑइलमधून कूलरमध्ये, कूलरमधून हवेत आणि त्या हवेबरोबर यंत्रापासून लांब, या वाटेवर नेमकी कुठे अडली, एवढंच शोधायचं असतं.

उन्हाची बाजू घेणारा इथे म्हणेल, की शेवटी कूलर थंड होतो तो बाहेरच्या हवेनेच. हवा तापली तर तो तरी काय करणार? आक्षेप रास्त आहे, पण त्याचा हिशेब करता येतो. बाहेरचं तापमान दहा अंशांनी वाढलं, तर रोटरमधून निघणाऱ्या हवेचं तापमानही ढोबळमानाने दहाच अंशांनी वाढतं. मग नजर ठेवायची ती या दोन्हींतल्या फरकावर. समजा ११५ अंशांना बंद होणारं एक यंत्र आहे आणि स्वच्छ असताना त्याचा फरक ६० अंशांचा आहे. बाहेर ४० अंश असले तरी ते १०० वर निवांत चालेल. आता कूलरची जाळी धूळ आणि ऑइलच्या लेपाने निम्मी बुजली आणि फरक ७७ झाला असं धरू. जानेवारीत २९ अंश असताना आकडा १०६ दिसेल. दिवा लागणार नाही, कुणी बघणारही नाही. मे महिन्यात बाहेर ३९ झाले की तेच यंत्र ११६ वर जाऊन बंद पडतं. ऊन दहा अंशांना जबाबदार आहे, घाण सतराला. चेन्नईत मे महिन्याचं सरासरी कमाल तापमान ३७-३८ अंशांच्या आसपास असतं आणि ही यंत्रं बहुधा ४५ ते ५० अंशांच्या हवेसाठी आखलेली असतात. ४५ चा दिवस क्वचित येतो; मशीन मात्र महिनाभर रोज बंद पडतं. ही विसंगती उन्हाने सुटत नाही.

मात्र वेधशाळेचे ३८ अंश म्हणजे यंत्राला मिळणारे ३८ अंश नव्हेत, हे मान्य करायला हवं. वेधशाळेचा तापमापक सावलीत, खेळत्या हवेत, पांढऱ्या झापांच्या पेटीत असतो. कॉम्प्रेसर उभा असतो पत्र्याच्या कुंपणाला टेकून, शेजारी जनरेटर, पलीकडे दुसरा कॉम्प्रेसर. एकाने फेकलेली गरम हवा दुसरा आत ओढतो, किंवा भिंतीवर आपटून आलेली स्वतःचीच हवा पुन्हा गिळतो. तिथे कूलरच्या तोंडाशी पन्नासाच्या पुढचा आकडा मिळणं मुळीच अवघड नाही. चेन्नईत यात आणखी एक गुंता आहे, जो आतल्या भागातल्या शहरांत आढळत नाही. उन्हाळ्यात सकाळी वारा बहुधा पश्चिमेकडून असतो आणि दुपारी केव्हातरी समुद्रवारा शिरतो, म्हणजे पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून. सकाळी वाऱ्याकडे पाठ करून नीट उभं केलेलं यंत्र दुपारी गरम हवा वाऱ्याच्या तोंडावर फेकू लागतं, आणि वारा ती परत कूलरकडे ढकलतो. समुद्रवाऱ्याने शहर थंड होतं आणि नेमक्या त्याच वेळी यंत्र तापतं, याचं कोडं अशा ठिकाणी उलगडतं. उपाय फुकटचा आहे: यंत्राला दीड-दोन मीटर मोकळी जागा द्यावी आणि गरम हवेचं तोंड वाऱ्याला आडवं ठेवावं. पण दाटीच्या साईटवर जागेइतकं महाग काहीच नसतं, त्यामुळे हा फुकटचा उपाय शेवटी सुचतो.

दरवाजे उघडे ठेवण्याचा उपाय तर इतका सर्वमान्य आहे, की त्याविरुद्ध बोलणारा वेडा ठरतो. खोली उकडली की खिडकी उघडायची, हा माणसाचा स्वभाव. पण कॅनॉपी आवाज दाबण्याबरोबरच हवेचा बोगदा म्हणूनही काम करते. सगळे दरवाजे बंद असतील तेव्हाच पंख्याने ओढलेली हवा कूलर आणि रेडिएटरच्या जाळीतून जायला भाग पडते. बाजूचा दरवाजा उघडला की हवा सोपी वाट धरते, जाळी टाळते. इंजिनाजवळ हात धरला तर तिथे गार वाटतं, म्हणून ऑपरेटरचा विश्वास आणखी पक्का होतो. ऑइल मात्र चढत राहतं. कडेचे रबरी पट्टे गळून पडले असतील किंवा कूलरच्या चौकटीभोवती फट असेल, तरी हेच घडतं, फक्त कुणाच्या नजरेत येत नाही.

पाणी मारण्याचं तसंच. नागपूरला मे महिन्यात हवा ४४-४५ अंश तापलेली, पण कोरडी असते. तिथे पाणी झपाट्याने उडतं आणि उडताना उष्णता नेतं, म्हणून विदर्भात घरोघरी डेझर्ट कूलर चालतात. चेन्नईची हवा मुळातच ओलाव्याने भरलेली. तिथे पाण्याचा गारवा थोडा आणि थोडाच वेळ टिकणारा. मागे उरतो तो चिखल: ओल्या पत्तीवर सिमेंटची आणि खडकाची धूळ बसते आणि वाळून घट्ट होते. किनाऱ्याजवळच्या बोअरचं मचूळ पाणी असेल, तर क्षार ॲल्युमिनियमच्या पत्त्या खाऊ लागतात. जाळी साफ करायची तर यंत्र थंड झाल्यावर, आधी ऑइल सोडवणाऱ्या द्रावणाने, आणि हवा ज्या दिशेने आत येते तिच्या उलट दिशेने, बेताच्या दाबाने. जोरात मारलेलं पाणी पत्त्या वाकवतं, आणि वाकलेली पत्ती तुंबलेल्या पत्तीइतकीच निकामी असते.

दोष आहे कुठे, हे ओळखण्यासाठी महागडी साधनं लागत नाहीत. तापमान मोजायची एक बंदूक पुरते. (चकचकीत धातूवर ती फसते, म्हणून नळीवर काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर मोजावं.) कूलरमध्ये शिरणारं ऑइल आणि बाहेर पडणारं ऑइल, दोन्ही नळ्यांचं तापमान घ्यायचं. ऑइल कूलरमधून जाऊनही फारसं थंड होत नसेल, तर दोष हवेच्या बाजूला आहे: जाळी तुंबली, पंख्याचा बेल्ट सैल झाला, किंवा दुरुस्तीनंतर पंखा उलटा बसला. उलट कूलरमधून ऑइल चांगलं थंड होऊन येतंय, तरी रोटरजवळ तापमान चढलेलंच आहे, तर ऑइल पुरेसं पोचत नाही: फिल्टर भरला, पातळी खाली गेली, किंवा वाटेतला व्हॉल्व्ह पूर्ण उघडत नाही. आणि रोटर पेटलेला असताना कूलर चक्क गार लागत असेल, तर ऑइल कूलरकडे वळतच नाहीये. त्याला तिकडे वळवणारा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह अडकला आहे. यंत्र कधी बंद पडतं हीसुद्धा साक्ष आहे. सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांत पडत असेल, तर उन्हाचा काहीच संबंध नाही. तिथे ऑइलच्या प्रवाहाकडे बघावं. तास-दोन तास चालून दुपारीच पडत असेल, तर कूलर आणि जागा. पडद्यावरचा आकडा एका क्षणात वीस अंशांनी उडी मारत असेल, तर तो खोटा समजावा, कारण इतकं जड ओतीव लोखंड आणि इतकं ऑइल क्षणात वीस अंश तापत नाही. खारट हवेत सेन्सरच्या वायरचे जोड गंजतात, आणि चेन्नईत ही शंका आधी घेतलेली बरी.

ऑइलबद्दल थोडक्यात. पातळी सपाट जमिनीवर, यंत्र बंद करून दाब उतरल्यावरच बघावी. टो करण्याच्या दांड्यावर नाक खाली झुकवून उभं केलेलं यंत्र पातळी चुकीची दाखवतं. वेगवेगळ्या जातींची ऑइलं मिसळली तर काही वेळा चिकट गाळ होतो आणि तो कूलरच्या नळ्यांत आतून बसतो, जिथे पाण्याचा पाईप पोचत नाही. तापमान दर दहा अंशांनी वाढलं की ऑइलचं आयुष्य सुमारे निम्मं होतं, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. तापलेलं ऑइल वार्निशसारखा थर धरतं, त्या थराने कूलर आणखी कमी काम करतो, ऑइल आणखी तापतं.

इथपर्यंतचं सगळं एखादा अनुभवी मिस्त्री मान्य करेल. खरा वाद आहे तो थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हवर. ऑइल साधारण ७० अंशांपर्यंत तापेस्तोवर हा व्हॉल्व्ह त्याला कूलरकडे जाऊच देत नाही. ‘मशीन तापतंय आणि हा वाट अडवून बसलाय’, म्हणून तो काढून टाकण्याची रीत सर्रास आहे. यात पहिली गफलत यांत्रिक आहे. अनेक रचनांत आतला भाग काढला की दोन्ही वाटा उघड्या राहतात आणि निम्मंअर्धं ऑइल कूलरला वळसा घालून तसंच गरम परत येतं. म्हणजे यंत्र थंड व्हायच्या ऐवजी जास्त तापतं. ज्या यंत्रात ऑइल खरंच थंड होतं, तिथे दुसरी गफलत होते, ती हवामानाची, आणि ती जास्त खोल आहे. हवा दाबली की तिच्यातली वाफही दाबली जाते. चेन्नईच्या ३० अंशांच्या, ८० टक्के दमट हवेत वाफेचा दाब सुमारे ३४ मिलिबार असतो. ही हवा ७ बारच्या यंत्रात आठपट दाबली गेली, की वाफेचा दाब २७० मिलिबारच्या पुढे जातो आणि सुमारे ६७ अंशांखाली तिचं पाणी होऊ लागतं. हे पाणी थेट ऑइलमध्ये. ऑइलला फेस येतो, वंगण पातळ होतं, बेअरिंगवर गंज चढतो, आणि घासणाऱ्या बेअरिंगमुळे शेवटी तापमान चढतं ते कुठल्याच कूलरने उतरत नाही. नागपूरच्या ४५ अंशांच्या, २० टक्के आर्द्रतेच्या हवेत हीच सीमा ५४ अंशांवर येते. नागपूर जास्त तापतं, पण चेन्नईत यंत्राला वावरायला जागा कमी आहे: वरून ११५ चं छत, खालून ६७ ची जमीन. जो व्हॉल्व्ह अडथळा वाटतो, तो यंत्राला या जमिनीच्या वर ठेवण्यासाठी आहे.

राहिला तो सर्वांत व्यवहारी आक्षेप. कॉम्प्रेसर भाड्याचा, मजूर रोजावर, काँक्रीट किंवा ड्रिलिंग अर्धवट. अशा वेळी निदान कोण करत बसणार? सेन्सरची वायर काढून घेतली की यंत्र आणखी तीन तास चालतं. चालतं, हे खरंच आहे. पण या यंत्राच्या टाकीत दाबाखालची गरम हवा, ऑइलची वाफ आणि हवेतून ऑइल वेगळं करणाऱ्या सेपरेटरचं तंतुमय, पुठ्ठ्यासारखं भरण एकत्र असतं. पेट घ्यायला फक्त पुरेसं तापमान हवं असतं. ऑइलने भिजलेल्या स्क्रू कॉम्प्रेसरला आग लागण्याचा धोका उत्पादक आपल्या पुस्तिकेत सांगतात तो उगीच नाही. तापमानाचा सेन्सर हा त्या टाकीवरचा शेवटचा पहारेकरी आहे. तीन तासांच्या कामासाठी तो उठवण्यापेक्षा भाड्याच्या करारात यंत्र बंद राहिल्याचा खर्च कुणाचा हे आधी लिहून घेणं बरं. वायर काढणारा हात बहुधा या खर्चावरून होणाऱ्या भांडणाच्या भीतीनेच पुढे होतो. निदानाला वेळ लागतो हेही पुरतं खरं नाही. दोन नळ्यांची तापमानं आणि बाहेरचं तापमान घ्यायला दोन मिनिटं लागतात, आणि हे तीन आकडे रोज वहीत उतरवले असतील, तर फरक वाढू लागल्याचं फेब्रुवारीतच कळतं.

मग चुकीच्या रीती इतक्या टिकल्या कशा? मला वाटतं याचं उत्तर मराठवाड्यात सापडतं. लातूर-बीडच्या गावांत उन्हाळ्यात बोअर मारायला येणाऱ्या बऱ्याच गाड्या तमिळनाडूच्या नंबरच्या असतात. नामक्कल जिल्ह्यातलं तिरुचेंगोडे हे या धंद्याचं मोठं ठाणं आहे आणि तिथल्या गाड्या देशभर फिरतात. या गाड्यांवरचे कॉम्प्रेसर ७ बारचे नसतात. २१ बार, म्हणजे तीनशे पीएसआय, हा तिथला नेहमीचा दाब. इतक्या दाबाला चेन्नईच्या दमट हवेतल्या वाफेचं पाणी सुमारे ९२ अंशांवरच होऊ लागतं. म्हणून ही यंत्रं शंभराच्या वर चालावीत अशीच बांधलेली असतात. त्यांचं तापणं हा बिघाड नाही. मे महिन्यातल्या लातूरची हवा मात्र ४० अंशांची, जेमतेम २० टक्के आर्द्रतेची. तिथे तीच सीमा ७१ अंशांवर उतरते. तिथे कुणी व्हॉल्व्ह काढला, यंत्र ८० वर चालवलं, तर हंगामभर काहीही बिघडत नाही. ऑपरेटरच्या डोळ्यांसमोर उपाय सिद्ध होतो, आणि एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर जातो. ऑक्टोबरात तीच गाडी ईशान्य मोसमी पावसात चेन्नईच्या बाजूला कामाला लागते, टाकीत पाणी साठू लागतं, आणि पुढच्या मे महिन्यात बेअरिंग गेलं की दोष पुन्हा उन्हाच्या नावावर लिहिला जातो.